माहेरचा निशिगंध काशीत फुलवताना

काशीच्या बालाजी घाटाचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. अठराव्या शतकात पेशव्यांनी तो बांधला. घाटावरच्या बालाजी मंदिरातच बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणी मामांकडून सनईचे धडे घेतले. जवळच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. पण या दाटीत अंगण कुठले? फुलझाडांची हौस गच्चीवरच भागवायची.

अशा घरी पुण्याकडची एखादी सून माहेरचे निशिगंधाचे कंद घेऊन आली, तर पहिल्या पावसाळ्यात गच्ची घमघमते. मग पौष येतो. पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. झाड सुकतेय असे वाटून ती रोज तांब्याभर पाणी घालते आणि महाशिवरात्रीपर्यंत कंद कुजून जातात. थंडीने जे मेले नसते, ते मायेने मरते!

झोप, मरण नव्हे

निशिगंध, म्हणजेच गुलछडी किंवा उत्तरेतली रजनीगंधा, मूळची मेक्सिकोची. तिला ऊब हवी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ती वर्षभर थोडीफार फुलते, पण काशीत जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो, धुके पसरते. मग कंद झोपी जातो. बर्फाळ देशांत तर तो हिवाळ्यापूर्वी उकरून घरात ठेवतात किंवा काचघरात वाढवतात.

पाने पिवळी होऊ लागली, की पाणी कमी करा. ती वाळल्यावर पाणी जवळजवळ बंदच करा आणि कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवा. दव आणि अवकाळी पावसापासून तिला जपा.

लावणी अशी करा

थंडी ओसरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, 2 सेंटिमीटरहून जाड, टणक कंद निवडा. माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळा. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे हवे. 10-12 इंची कुंडीत तीन-चार कंद सुमारे 5 सेंटिमीटर खोल लावा. ऊन भरपूर मिळू द्या. कोंब येईपर्यंत पाणी बेताने घाला. माकडे कुंड्या उकरत असतील, तर वर जाळी टाका. साधारण तीन महिन्यांत दांडे येऊ लागतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एक कंद एकदाच फुलतो. त्यानंतर त्याच्या भोवतीची पिल्ले मोठी होतात आणि पुढची फुले तीच देतात. म्हणून फुले संपली, की कुंडी रिकामी करू नका. दोन-तीन वर्षांनी गर्दी झाली, की कंद काढून सावलीत सुकवा, पिल्ले सुटी करा आणि नव्याने लावा. जास्तीचे शेजारणीला द्या. माहेरचा गंध असा वाटल्यानेच टिकतो.