सौरवादळ, कुलाब्याची नोंद आणि आपला रुग्ण

मे २०२४ मधील सौरवादळाच्या बातम्यांनंतर नारायणगड परिसरातील रुग्णही ‘डोके जड आहे, हे त्यामुळेच का?’ असे विचारू लागले. उत्तर देण्यापूर्वी वैद्यास मूळ प्रक्रिया ठाऊक असणे इष्ट.

सूर्यावरून कधीकधी अब्जावधी टन चुंबकित प्लाझ्मा उत्सर्जित होतो व साधारणतः एक ते चार दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो. त्यातील चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते. विषुववृत्तावर हजारो किलोमीटर उंचीवरील भारित कणांचा पश्चिमवाही वलयप्रवाह त्यामुळे प्रबळ होतो आणि भूपृष्ठावरील चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक घटतो.

याची विख्यात नोंद आपल्या मुंबईचीच. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत हा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. (पुढे विजेच्या ट्राममुळे वेध बिघडतील म्हणून हे कार्य अलिबागेस हलविले गेले. ट्राम नव्हे, वेधशाळाच हलली!)

ही घसरण तेथील क्षैतिज क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के होती. चुंबकीय कड्याचे त्वचेलगतचे क्षेत्र सामान्यतः याच्या शेकडो पट असते. म्हणून वादळापासून संरक्षण म्हणून असे कडे विकणे औषधालयास शोभत नाही. खरा धोका वीजजाळे व उपग्रहांना आहे. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात होता. हृदयविकाराशी संबंध सुचविणारी काही सांख्यिकीय निरीक्षणे आहेत, कार्यकारणभाव मात्र सिद्ध नाही. डोके जड असल्याचे सांगणाऱ्याचा रक्तदाब त्याच भेटीत मोजावा, निद्रा व मलप्रवृत्तीही विचारावी.