गंज खरवडला की गोष्टी निघतात

जगातल्या पहिल्या मोटारसायकलची सीट चालता चालता पेटली होती. 1885 साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवलं आणि त्यांचा मुलगा पॉल ती गाडी घेऊन निघाला. तेव्हा स्पार्क प्लग नव्हता. तापवलेल्या नळीनं इंधन पेटायचं, आणि ती नळी नेमकी सीटखाली. व्हायचं तेच झालं. पॉल वाचला, गाडीही वाचली. पुढे 1903 मध्ये कारखान्याला आग लागली आणि ती मूळ गाडी त्यात खाक झाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती.

जुन्या फटफटीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण मूळ वस्तू एकदाच मिळते. आजोबांची जावा किंवा काकांची राजदूत गोठ्यात, जिन्याखाली सतरंजी पांघरून उभी असेल, तर पाना हातात घेण्याआधी ही माहिती वाचा.

पन्नाशी गाठली का?

आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीलाही लोक हौसेनं ‘व्हिंटेज’ म्हणतात. सरकार म्हणत नाही. 2021 मध्ये केंद्रानं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली गाडीच व्हिंटेज. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर हा दर्जा मिळत नाही. म्हणजे साठच्या दशकातल्या गाडीची चासी कापून कुणी तिचा लांबडा चॉपर केला, की ती कितीही देखणी होवो, कागदावर व्हिंटेज राहत नाही.

आधी किक मारू नका

वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीजवळ गेलं की पाय आपोआप किककडे जातो. तो आवरा. पिस्टन गंजानं ब्लॉकला चिकटलेला असू शकतो. जोर लावला की रिंगा तुटतात, ब्लॉकवर चरे पडतात. जाणता मिस्त्री प्लग काढतो, त्या भोकातून तेल सोडतो आणि दोन-चार दिवस गाडीकडे फिरकतही नाही. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे, अगदी हळू हलवतो. कधीतरी ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि चाकाबरोबर पिस्टन सरकतो. त्या क्षणी मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहण्यासाठी तरी गॅरेजात उभं राहावं.

ब्लॉक खराबच झालेला असेल तर लेथवाल्याकडे बोअर करून घ्यायचा आणि ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा. दर वेळी मिलिमीटरचा पाव किंवा अर्धा भागच वाढतो. जुन्या बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90; हिशेब केला की 346 सीसी येतात. म्हणजे आपण जिला साडेतीनशे म्हणतो, ती चार सीसीनं कमीच होती.

एकच दांडी, दोन कामं

जावा पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला हमखास प्रश्न पडतो: हिची किक कुठंय? गिअरची दांडीच किक आहे. ती आत दाबायची, वर फिरवायची, मारायची; इंजिन सुरू झालं की पुन्हा पुढे, गिअरच्या जागी. शिवाय या दांडीला पाय लावला की क्लच आपोआप सुटतो, म्हणून क्लच न दाबताही गिअर पडतो. साठच्या दशकात आपल्या रस्त्यांवर ही सोय होती, हे आजच्या पिढीला सांगूनही पटत नाही. आणि सिलिंडर एक असून सायलेन्सर दोन!

मूळ कंपनी चेक, पण भारतातल्या जावा बनल्या म्हैसूरला. 1961 मध्ये ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला, पुढे गाडीचं नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. पण गाड्यांवरचं प्रेम बंद पडलं नाही. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी गावोगावी निळा धूर निघतो. टू-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. जुनं प्रमाण लिटरला साधारण 40 मिली.

पाना बसत का नाही?

जुन्या इंग्लिश गाडीवर नवशिक्याची पहिली फजिती पान्यावरून होते. बाराचा ढिला, अकराचा जातच नाही. कारण त्या नटबोल्टांचं घराणंच वेगळं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्याच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, नटाच्या डोक्याचं माप नाही. मद्रासला बनलेल्या जुन्या बुलेटनंही ही इंग्लिश मापं कित्येक वर्षं अंगावर बाळगली. तिथे मिलिमीटरचा पाना चालवला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडी. जुन्या बाजारात व्हिटवर्थ पान्यांचा संच दिसला तर घासाघीस न करता उचला.

क्रोमचीही गंमत आहे. लखलखणाऱ्या मडगार्डवर क्रोम असतं किती? मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. चमक खरी येते ती खालच्या निकेलच्या थरामुळे आणि त्याखाली केलेल्या बफिंगमुळे. क्रोम फक्त वरून राखण करतं. प्लेटिंगवाल्यानं बफिंगला फाटा दिला तर पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. आणखी एक: क्रोम वापरात आलं 1920च्या दशकाच्या शेवटी. 1922 ची गाडी क्रोमनं झळकत असेल, तर कुणीतरी इतिहासावर मुलामा चढवला आहे. तिथे पिवळसर झाक असलेलं निकेलच हवं.

पडद्यावरच्या, देवळातल्या, आभाळातून पडलेल्या

‘शोले’तल्या जय-वीरूची साइडकारवाली गाडी म्हणजे 1942 ची बीएसए डब्ल्यूएम20. पाचशे सीसी, जातिवंत लष्करी. दुसऱ्या महायुद्धात बीएसएनं या जातीच्या सव्वा लाखाच्या घरात गाड्या बनवल्या. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुका बनवणारी कंपनी. सिनेमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 2025 मध्ये, ही गाडी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात मांडली होती. गाडीभोवती फोटोंसाठी झुंबड उडणारच!

‘बॉबी’नं 1973 मध्ये राजदूतच्या छोट्या जीटीएसला असं डोक्यावर घेतलं की गाडीचं नावच बॉबी पडलं. राजदूत 175 चं मूळ पोलंडचं. त्याच घरातली राजदूत 350 मात्र जपानी यामाहा आरडी350 ची बहीण. 1983 मध्ये आली तेव्हा सहा गिअर आणि जुळे सिलिंडर पाहून लोक चक्रावले. पेट्रोल पिते म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज तीच दारात उभी करायला लाखो रुपये मोजतात.

राजस्थानात पालीजवळ चोटिला गावी तर बुलेटचं देऊळ आहे. नंबर आरएनजे 7773. ओम बन्ना यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर पोलिसांनी ठाण्यात नेलेली गाडी पुन्हा पुन्हा अपघाताच्या जागी सापडायची, अशी तिथली श्रद्धा. वाटसरू थांबून नमस्कार करतात, मगच पुढे जातात.

आणि डिझेल बुलेट? ती दंतकथा नाही. एनफिल्डनं 325 सीसीचं डिझेल इंजिन बसवून ती खरोखर विकली. ताकद साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, मायलेज भन्नाट. गावाकडे डिझेलचा पंप आणि डिझेल बुलेट यांची मैत्री जुनी आहे.

महायुद्धात रॉयल एनफिल्डनं एक चिमुकली 125 सीसीची गाडीही बनवली होती, ‘फ्लाइंग फ्ली’. लोखंडी पिंजऱ्यात ठेवून ती पॅराशूटनं खाली सोडत.

कॉपीचा विक्रम मात्र जर्मन डीकेडब्ल्यू आरटी125 च्या नावावर. जर्मनी युद्ध हरल्यावर तिचे आराखडे जेत्यांनी नेले. त्यातून इंग्लंडची बीएसए बँटम निघाली, अमेरिकेत हार्लेची छोटी गाडी निघाली, सोव्हिएत संघात मॉस्को आणि मिन्स्क निघाल्या. यामाहाची पहिलीवहिली मोटारसायकल, 1955 ची वायए-1, तीही याच वळणाची.

कापायची तर कोणती?

कस्टम गाड्यांचा इतिहास गरजेतून आणि वेगाच्या वेडातून आला आहे. लंडनच्या एस कॅफेबाहेर पन्नास-साठच्या दशकात पोरं जमायची, ताशी शंभर मैल गाठायची पैज लावायची. त्यासाठी गाडीवरचं जे जे जड ते काढून टाकायचं, हँडल खाली आणायचं. त्यातून कॅफे रेसर जन्माला आली. त्यांची लाडकी होती ट्रायटन: चासी नॉर्टनची, इंजिन ट्रायम्फचं. नॉर्टनच्या चासी सुट्या मिळायच्या कशा? पाचशे सीसीच्या छोट्या रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, म्हणून ते अख्खी मोटारसायकल घ्यायचे आणि चासी उरायची. उरलेल्यातून उत्तम घडवलं, ते हे असं.

या वेडाचा बादशहा न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. 1920 ची इंडियन स्काउट आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारत राहिला. भंगारातला धातू वितळवून स्वतः पिस्टन ओतायचा, कनेक्टिंग रॉड हातानं घासून घडवायचा. कारखान्यातून निघाली तेव्हा ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पळणारी ती गाडी 1967 मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यानं 184.087 मैलांनी, म्हणजे 296 किलोमीटरनं पळवली. वय वर्षं 68.

मग आपण काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. आरएक्स100 किंवा नव्वदच्या दशकातली बुलेट अजून ढिगानं सापडते. तिच्यावर हौस करा, पण आरटीओची परवानगी घेऊन. रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये बजावलं आहे. पण म्हैसूरची सुरुवातीची जावा, युद्धकाळातली नॉर्टन किंवा बीएसए हाती आली असेल, तर ग्राइंडर लांब ठेवा. फिकट झालेला मूळ रंगही शक्य तर तसाच राहू द्या. 2018 मध्ये लास व्हेगासच्या लिलावात 1951 ची विन्सेंट ब्लॅक लाइटनिंग 9 लाख 29 हजार डॉलरला गेली, ती मूळ अवस्थेत होती.

सायलेन्सर आणि पेट्रोल

कर्णकर्कश सायलेन्सर बसवू नका. नागपूर, पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडले आहेत. जुन्या बुलेटचं फायरिंग मूळ सायलेन्सरमधूनच गोड लागतं.

पेट्रोलकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची सीलं फुगतात. पाइप-सीलं इथेनॉलला टिकणारी घाला आणि लांबचा मुक्काम असेल तर टाकी, कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला, अगदीच नाही तर दिल्लीच्या करोल बागेत शोधा. हवा तो भाग दुकानात नसेल तर दुकानदार नमुना मागतो आणि नमुनाच नसेल तर लेथवालाही काही करू शकत नाही. म्हणून एवढी विनंती: गाडीवरून उतरवलेला एकही जुना भाग, तुटका असला तरी, भंगारवाल्याला देऊ नका. नाव लिहून डब्यात ठेवा आणि त्याच डब्यात आजोबांचं आरसी बुकही ठेवा.