घंटा वाजली, पण आग कुठे?

१७ एप्रिल २०२१ रोजी रायपूरमधील एका खासगी इस्पितळाला आग लागली आणि किमान पाच कोविड रुग्ण दगावले, बहुतेक धुराने गुदमरून. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, नागपूर-रायपूर रस्त्यावरील भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयातील दहा नवजात बालके गेली होती.

धूर झोपलेल्याला उठवत नाही, उलट गुंगवतो. म्हणूनच मोठ्या इमारतींत छतावर धूर ओळखणारी यंत्रे बसवतात. जुन्या पद्धतीत घंटा वाजे, पण फार तर ‘तिसरा मजला’ एवढेच कळे. नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो आणि निरनिराळ्या भागांतील अलार्म पॅनेल तारांनी एकमेकांशी जोडलेली असतात. मागच्या इमारतीत धूर निघाला तरी नेमकी खोली फाटकावरच्या पहारेकऱ्याला पडद्यावर दिसते. लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबते, धूर पसरवणारे वातानुकूलनाचे पंखे बंद होतात.

मात्र यातले काहीही आपोआप होत नाही. कोणत्या यंत्राने काय बंद करायचे, क्रमांकापुढे नुसते ‘यंत्र ४७’ लिहायचे की ‘औषधांचे गोदाम, मागचा जिना’, हे कुणीतरी इमारत पायी फिरून भरावे लागते. पुढे भिंत सरकते, गोदामाचे कार्यालय होते. पॅनेलला कुणी सांगतच नाही! खोट्या घंटांना कंटाळून आवाजच बंद ठेवणारे महाभागही असतात.

आपल्या कार्यालयातल्या पहारेकऱ्याला एकदा विचारून पाहा: पडद्यावर ‘यंत्र ४७’ आले, तर तो कोणत्या जिन्याने धावेल?