गोळीचा क्षेपणांक : अर्थ, मर्यादा आणि मराठवाड्यातील पीकसंरक्षणाचा संदर्भ

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, हरभरा व ज्वारी या पिकांची रानडुक्कर आणि रोही यांच्याकडून होणारी नासाडी हा शेतकऱ्यांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. त्यामुळे परवानाधारक बंदूक व तिची गोळी यांविषयीची चर्चा ग्रामीण भागात वारंवार ऐकावयास मिळते. अमेरिकेत उपद्रवी लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी रिकाम्या पुंगळीत टोपी, दारू व गोळी स्वतः बसवून काडतूस तयार करण्याचा छंद रूढ आहे. अशा छांदिष्टांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या खोक्यांवर एक दशांश संख्या छापलेली असते. इंग्रजीत तीस बॅलिस्टिक कोइफिशन्ट म्हणतात. प्रस्तुत लेखात 'क्षेपणांक' ही संज्ञा योजिली आहे. ही संख्या म्हणजे गोळीच्या गुणवत्तेची श्रेणी होय, असा समज आढळतो. तो समज का अपुरा आहे, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

क्षेपणांकाचे स्वरूप :
हवेचा विरोध सहन करून वेग टिकविण्याची गोळीची क्षमता क्षेपणांक दर्शवितो. त्याचे दोन घटक आहेत. पहिला घटक छेदघनता. गोळीचे पौंडांतील वजन भागिले इंचांतील व्यासाचा वर्ग, असे तिचे सूत्र आहे. ०.२२४ इंच व्यासाच्या ५५ ग्रेन वजनी गोळीचे उदाहरण घेऊ. एका पौंडात ७००० ग्रेन असल्याने तिची छेदघनता सुमारे ०.१५७ येते, त्याच व्यासाच्या ४० ग्रेन गोळीची केवळ ०.११४. दुसरा घटक आकारगुणक, म्हणजे प्रमाणभूत गोळीच्या तुलनेत हवेचा विरोध किती पट होतो ते. छेदघनतेस आकारगुणकाने भागले असता क्षेपणांक मिळतो. उपरोक्त ५५ ग्रेन गोळीचा आकारगुणक ०.६३ मानल्यास क्षेपणांक ०.२५ येतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, समान वेगाने सुटलेल्या दोन गोळ्यांपैकी ०.२० क्षेपणांकाची गोळी १०० मीटरवर ज्या वेगावर येते, त्याच वेगावर ०.४० क्षेपणांकाची गोळी २०० मीटरवर येते. हलकी गोळी नळीतून अधिक वेगाने सोडता येते, परंतु तो वेग ती लवकर गमावते.

प्रमाणांची भिन्नता :
खोक्यावरील आकडा कोणत्या प्रमाणावर आधारलेला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. 'जी-१' हे प्रमाण एकोणिसाव्या शतकातील चपट्या बुडाच्या तोफगोळ्यांवरील प्रयोगांतून विकसित झाले. 'जी-७' हे निमुळत्या बुडाच्या लांब गोळीसाठी आहे. एकाच लांब गोळीचा जी-७ आकडा जी-१ आकड्याच्या सुमारे निम्मा असतो. प्रमाण न पाहता केलेली तुलना म्हणूनच निरर्थक ठरते. शिवाय वेग बदलला की जी-१ क्षेपणांकही काहीसा बदलतो.

छापील आकडा प्रमाणित वातावरण गृहीत धरतो. लातूरचे पठार सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअस असताना तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के कमी भरते. परिणामी गोळी गणितापेक्षा कमी खाली येते आणि अधिक दूर जाते.

क्षेपणांक काय सांगत नाही :
सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटलेल्या ०.२० व ०.४० क्षेपणांकांच्या गोळ्यांच्या घसरणीतील फरक १०० मीटरवर एक सेंटीमीटरहूनही कमी असतो. ३०० मीटरवर तो सुमारे २० सेंटीमीटर होतो. शेताच्या बांधावरून, तेही रात्री, होणारा नेम बहुधा १०० मीटरच्या आतला असतो. तेथे क्षेपणांकाचे महत्त्व नगण्य आहे.

तेथे महत्त्व आहे ते गोळीच्या घडणीला. लहान प्राण्यांसाठीची पातळ वेष्टनाची गोळी आदळताच फुटते. ती रानडुकरावर वापरल्यास जनावर मरत नाही. जखमी होऊन तुरीत वा उसात शिरते आणि सकाळी कामावर येणाऱ्या मजुरांना धोकादायक ठरते. नेम चुकल्यास प्रश्न अधिक गंभीर होतो. साध्या .२२ रिमफायर गोळीच्या खोक्यावरही दीड मैलापर्यंतच्या धोक्याचा इशारा छापलेला असतो. सपाट शिवारात गोळी अडविणारा मातीचा उंचवटा क्वचितच असतो. वस्त्या व आखाडे मात्र जवळ असतात. म्हणजे शिकारीच्या दृष्टीने गुण ठरणारा उच्च क्षेपणांक चुकलेल्या गोळीच्या बाबतीत धोका वाढवितो.

कायदेशीर चौकट :
शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याची मुभा नव्हे. तसेच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या, अनुसूची दोनमधील प्राण्याच्या शिकारीसही सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही याच अनुसूचीत आहेत.

निष्कर्ष :
क्षेपणांक हे हवेशी गोळीच्या असलेल्या संबंधाचे माप आहे. अचूकता, परिणामकारकता वा सुरक्षितता यांचे नव्हे. पीकसंरक्षणासाठी बंदूक हाती घेणाऱ्याने 'गोळी किती दूर जाईल' यापेक्षा 'गोळी कोठे थांबेल' हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. त्याचे उत्तर खोक्यावर नसते. ते शिवार पाहूनच द्यावे लागते.