ओला, आजी!

मैत्रिणींनो, आमच्या हुडकेश्वरला घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यात मी पाच वर्षांच्या धाकट्याला स्पॅनिश शिकवायला घेतली. वीस देशांची राजभाषा, लहानपणीच कानावर पडलेली बरी, हा विचार.

चूक माझीच झाली. वहीत शब्द लिहून पाठ करून घेतले आणि पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ म्हटले. पोराने तोंडच मिटले! पुढे वही दिसली की तो पळू लागला.

मग वही ठेवून दिली. वस्तू हातात असेल तेव्हाच शब्द बोलायचा, एवढाच नेम केला. अंघोळीच्या वेळी पाणी म्हणजे ‘आग्वा’, पानात मीठ वाढताना ‘साल’, दुधाचा पेला देताना ‘लेचे’. चुकला तर टोकायचे नाही. आपण पुन्हा नीट म्हणायचे. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच असल्याने मुलांना जड जात नाहीत. रात्रीची गोष्ट मात्र मराठीतच!

महिनाभराने स्वारी अंघोळीहून निथळत आली आणि आजीला म्हणाली, “ओला!” म्हणजे नमस्कार. सासूबाई म्हणाल्या, “दिसतंय रे, आधी अंग पूस!”

परवा संत्रे सोलताना मी ‘नारांखा’ शब्द सांगितला. मूळ आपल्या संस्कृत ‘नारंग’चे, फारसी, अरबीतून तो स्पेनला पोचला. सासूबाई हसून म्हणाल्या, “म्हणजे लेक माहेरी आली म्हणायची! दे गं, मलाही एक नारांखा.”