बड्या पोलाद कंपन्यांना मागे टाकणारी न्यूकोर

अमेरिकेतली आजची सर्वांत मोठी पोलाद उत्पादक कंपनी न्यूकोर. १९६५ मध्ये केन आयव्हरसन यांच्या हाती आली तेव्हा ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, आणि पोलाद बनवतही नव्हती! छताच्या पोलादी तुळया बनवायची. त्यासाठी लागणारं पोलाद स्वस्तात मिळावं म्हणून १९६९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला तिने स्वतःचा छोटा पोलाद कारखाना काढला.

तिची रणनीती थोडक्यात:

🔹 कच्चा माल: लोहखनिज आणि कोक टाळून भंगार वितळवायचं, तेही विजेच्या भट्टीत. त्यामुळे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या प्रचंड झोतभट्ट्यांचा खर्च वाचला. २००८ मध्ये भंगाराचा मोठा व्यापार करणारी डेव्हिड जे. जोसेफ कंपनीच विकत घेतली.

🔹 तंत्रज्ञान: जर्मन एसएमएस कंपनीचं पातळ स्लॅब (ज्यापासून पत्रा लाटतात ती पोलादी लादी) ओतण्याचं तंत्र बड्या कंपन्या नुसतं न्याहाळत होत्या. न्यूकोरने धोका पत्करला आणि १९८९ मध्ये इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला कारखाना सुरू केला. सुमारे २०० ऐवजी ५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब, म्हणजे लाटायला कमी यंत्रं आणि कमी ऊर्जा. बड्यांची मक्तेदारी असलेल्या पत्र्याच्या बाजारात तिने असा शिरकाव केला.

🔹 माणसं: उत्पादनाशी जोडलेला साप्ताहिक बोनस. मंदीत कामाचे तास घटतात, पण नोकरकपात शक्यतो टाळली जाते.

यंत्रं कुणीही विकत घेऊ शकतं. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळवणं मात्र अवघड, आणि न्यूकोरची खरी ताकद तीच.

तुम्ही पोलाद उद्योगात असाल तर तुमचा अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा.