बोटभर रंध्याची धार

व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या हाती ज्या वाद्याला मराठी मैफलीने आपलं मानलं, त्या व्हायोलिनची पाठ आणि पोट दोन्ही फुगीर असतात. हा फुगवटा सहसा लाकूड वाकवून आणत नाहीत. जाड फळीतून तो कोरून काढतात. इटलीतल्या क्रेमोना शहरात सोळाव्या शतकापासून, म्हणजे व्हायोलिनकार आंद्रेआ आमातीच्या काळापासून हे काम होत आलं आहे. आधी गोल पटाशीने जादा लाकूड उडवायचं, मग पटाशीच्या खुणा काढत आकार नेमका करायचा. या दुसऱ्या टप्प्याचं अवजार म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढा पितळी रंधा.

सुताराच्या रंध्याचा तळ सपाट असतो. याचा तळ लांबीतही आणि रुंदीतही बाहेर फुगलेला असतो, म्हणूनच तो व्हायोलिनच्या कोरलेल्या पाटीच्या आतल्या खोलगट बाजूत आणि कडेच्या पन्हळीत फिरतो. पातं जेमतेम १०-१२ मिलिमीटर रुंद असतं. स्प्रूसच्या लाकडाची वरची पाटी शेवटी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची उरते. मेपलची पाठ मधोमध चार-साडेचार आणि कडेकडे अडीचच्या आसपास. इतक्या पातळ कामात चुकून जास्त निघालेली ढलपी परत चिकटवता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त धारेवर.

ही धार लावायची तर आधी वळण जमायला हवं. पात्याची कड तळाच्या वळणाशी जुळली नाही, तर त्याचे कोपरे लाकडात रुततात आणि रेघा उठतात. पण तळाचं वळण जसंच्या तसं पात्यावर उतरवूनही चालत नाही, कारण पातं तिरकं बसतं. ते ४५ अंशांत बसवलेलं असेल आणि तेवढ्या रुंदीत तळाचा फुगवटा एक मिलिमीटर असेल, तर पात्याच्या कडेला सुमारे १.४ मिलिमीटर गोलाई द्यावी लागते. म्हणून कारागीर पात्याला शाई फासतो, रंध्यात बसवून तळाची रेघ त्यावर आखून घेतो आणि त्या रेघेपर्यंत घासतो.

यंत्राच्या चाकावर घासताना घाई नडते. एवढंसं पोलाद क्षणात तापतं. कड निळी पडली की त्याचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. त्यामुळे पातं टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं, असं चालतं. पुढचं काम दगडावर. पातं चिमटीत नीट धरता येत नाही, म्हणून खाच पाडलेल्या काठीत ते अडकवतात. आधी पात्याची पाठ आरशासारखी सपाट करायची. मग २५ ते ३० अंशांचा उतार दगडावर टेकवून, पुढे सरकवता सरकवता मनगट एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे वळवायचं. पाठीकडच्या कडेवर बोटाला बारीक खरखर लागली, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे दगड सगळीकडे पोचला. मग ८००० नंबरचा दगड, शेवटी चामड्यावर हिरवी पेस्ट. दगडाला चर पडू नये म्हणून जागा बदलत राहायचं.

खरी परीक्षा स्प्रूसच्या आडव्या कापावर होते. हे लाकूड मऊ. बोथट पातं त्याला कापण्याऐवजी चेचतं आणि कापलेला भाग पांढरट, निस्तेज दिसतो. लाटांच्या मेपलची अडचण वेगळी. त्यात तंतू वर-खाली होतात, धार कमी पडली की ते उपटले जातात. पॉलिश पेपरने हे झाकता येतं, पण घासलेल्या लाकडाचे तंतू भुकटीने बुजतात आणि वार्निशखाली त्याची चमक मंदावते. म्हणून अनेक कारागीर शेवटचा हातही धारेच्या पोलादी पत्रीनेच फिरवतात.

क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात अंतोनिओ स्त्रादिवारीच्या कारखान्यातले साचे, नमुने आणि अवजारं जपलेली आहेत. जुझेप्पे फिओरिनी या व्हायोलिनकाराने ती १९३० मध्ये शहराला दिली. १९३८ मध्ये तिथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या कारागिरीला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. साचा पाहून व्हायोलिनची बाह्यरेषा काढता येते. पाटीचा फुगवटा मात्र हातानेच उतरवावा लागतो, आणि पात्याला हवं ते वळण, हवी ती धार देता येत नाही तोवर हात कितीही कसलेला असला, तरी तो अपुराच.